विचारा की! : तळ्याकाठची जंगलवाट आणि वाटेवरची शिल्पं

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या कील्डर तलावाबद्दल अर्धं पान आलं होतं. तलावाला वळसा घालून जंगलातून जाणारी साधारण ४२ किलोमीटरची पायवाट, आणि वाटेत मधे मधे उभी केलेली शिल्पं, दगडी खोल्या, लाकडी खुर्च्या. मला वाटलं एखाददुसरं पत्र येईल, खरं खानापूर, हुक्केरी, निपाणी, हल्याळ, सगळीकडनं आलीत. त्यातली काही घेतो, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या वरच्या अंगाला तळं हाय, एका बाजूला दाट झाडी आणि पलीकडं फॉरेस्टची हद्द. आम्ही मंडळाची पोरं तळ्याला वळसा घालून चालायची वाट आणि वाटेत शिल्पं असं काहीतरी करायचं ठरवूलालोय. एकजण म्हणतो फायबरचा वाघ आणि हरीण आणूया, दुसऱ्याला 'आय लव्ह' असा लायटीचा बोर्ड पाहिजे. देणगीतनं थोडे पैसे जमलेत. सुरुवात कुठनं करायची? — एक युवक मंडळ, खानापूर तालुका

पोरांनो, पैसे जमले की काम अर्धं झालं असं वाटतं, खरं डोकेदुखी तिथनं सुरू होते. पहिल्यांदा तळ्याचा आणि काठाच्या जमिनीचा उतारा काढा. आपल्याकडं एकच तळं, पाणी पाटबंधारेवाल्यांचं, काठ पंचायतीचा, वरचा तुकडा देवस्थानाचा आणि त्याच्या मागं राखीव जंगल, असं बऱ्याच ठिकाणी असतंय. राखीव जंगलात लेखी परवानगीशिवाय खड्डासुद्धा मारता येत नाही, आणि तुमचं गाव भीमगड अभयारण्याच्या बाजूला असेल तर (२०११ साली ते अभयारण्य झालं) नियम आणखी कडक आहेत. मंडळात ज्याचं कन्नड चांगलं आहे त्याला अर्ज लिहायला बसवा, आरएफओ साहेबांना (फॉरेस्टच्या रेंजचे अधिकारी) एकदा जागेवर आणून दाखवा, आणि पहिली वाट गावच्या बाजूच्या काठानंच करा. जंगलाच्या बाजूचा काठ तसाच सोडला तर काही बिघडत नाही, उलट पाणी प्यायला येणाऱ्या गव्यांना तेवढीच मोकळी बाजू राहते.

मग काहीही न आणता नुसतं चाला. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी, गुरं घेऊन जाणाऱ्या मामांच्या बरोबर, पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या बरोबर. माणसं आपोआप कुठं थांबतात ते बघा. सांडव्याजवळ थांबतील, बांध जिथं वळतो आणि पाणी एकदम दिसतं तिथं थांबतील, एखाद्या जांभळीखाली थांबतील. त्या जागा खुणेनं लक्षात ठेवा, शिल्पाच्या जागा तिथंच आसपास आहेत. खरं एक गोष्ट सांभाळा, जिथनं पाणी दिसतं तिथं पाण्याच्या पुढ्यात काही उभं करायचं नाही, पाण्याकडं तोंड करून बसता येईल असं काहीतरी मागं करायचं.

कील्डरच्या लोकांनी हेच केलंय म्हणून ते मला आवडतं. तिथं 'सिल्व्हास कॅपिटालिस' म्हणून २००९ सालचं लाकडाचं एक भलंमोठं डोकं आहे, तोंडातनं आत शिरायचं, वर चढायचं आणि त्याच्या डोळ्यांतनं बाहेर जंगल बघायचं. त्याच वर्षीच्या तीन मोठ्या लाकडी खुर्च्या आहेत, जानस चेअर्स, त्या फिरतात, म्हणजे तुम्हाला वाऱ्याकडं पाठ करून बसायचं तर बसा, तलावाकडं तोंड करायचं तर करा. एका टेकाडावर जेम्स टरेल यांची २००० सालची गोल खोली आहे, छताला भोक आणि त्यातनं फक्त आकाश दिसतं. बघा, तिन्ही ठिकाणी वस्तू बघायला माणूस जातो आणि आकाश नाहीतर झाडं बघून येतो. आणि हे सगळं मुळात माणसानं केलेलं आहे बरं का, जंगल १९२६ पासून लावलेलं आणि तलाव म्हणजे धरणाचं पाणी, १९८२ साली उद्घाटन झालेलं. आपली गावतळी पण माणसांनीच खणलेली, त्यामुळं तिथं कला आणली तर निसर्गाचा अपमान वगैरे होतो असं मला वाटत नाही.

आता फायबरचा वाघ. अरे ज्या रानात खरा बिबट्या फिरतो, खरं अस्वल मोहाखाली येतं, तिथं प्लास्टिकचा वाघ बघायला कोण येणार? आणि दोन-तीन उन्हाळ्यांत उन्हानं त्याचा रंग उडतो, अंगावरनं पांढरी पावडर सुटायला लागते, शेपूट पहिल्यांदा मोडते, आणि ते सगळे कण पावसानं वाहून तळ्यात. दीड-दोन किलोमीटरच्या वाटेवर तीन गोष्टी पुष्कळ झाल्या, चौथी ठेवायची असेल तर कुठली काढायची ते आधी ठरवा. लायटीचा बोर्ड पाहिजेच असेल तर गाड्या लावायच्या जागी ठेवा, मी भांडत बसणार नाही, फोटो काढणारे तिथंच थांबतील आणि ज्यांना चालायचंय ते पुढं जातील. रात्री मात्र बंद.

प्रश्न : सर, तुम्ही लिहिलेलं की कील्डरला एका दगडी खोलीत जमिनीवर तलावाच्या लाटा दिसतात. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, मुलांना हे करून दाखवता येईल का? आमच्या तळ्यावर एक पडीक पंपहाऊस आहे. — एक शिक्षिका, हुक्केरी

बाई, तुमचं पत्र वाचून मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. होतंय, आणि फार खर्च पण नाही.

ते काम ख्रिस ड्रुरी या कलाकाराचं, १९९६ सालचं, नाव 'वेव्ह चेंबर'. सुक्या दगडांची घुमटीसारखी खोली, आत अंधार, वर छतात आरसा आणि भिंग. तलावावरनं आलेला प्रकाश आरशावर पडतो, खाली वळतो, भिंगातनं जातो आणि जमिनीवर लाटांचं हलतं चित्र पडतं. पडदा नाही, वीज नाही. तुम्ही वर्गात खोक्याला भोक पाडून पिनहोल कॅमेरा दाखवता की, त्याचाच हा मोठा भाऊ.

पंपहाऊसचं छत जमिनीपासून साधारण २ मीटरवर असेल तर चष्म्याच्या दुकानातनं +०.५० नंबरची न कापलेली गोल काच आणा. नंबर म्हणजे मीटरमधल्या फोकल लांबीचा व्यस्त, म्हणजे ०.५० ला २ मीटर, हे तुम्हाला सांगायला नको, खरं मुलांना आजोबांच्या चष्म्याचा नंबर म्हणजे नेमकं काय ते इथं एकदाचं कळेल. छत अडीच मीटरवर असेल तर काच थोडी खाली लोंबत्या डब्यात बसवा, काचेपासून जमीन २ मीटरवर आली म्हणजे झालं. काचेच्या वर एक पत्र्याचं खोकं, तळ्याच्या बाजूनं उघडं, त्यात साधारण ४५ अंशात तिरका आरसा, काचेपेक्षा चांगला मोठा घ्या नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. आरसा बिजागरीवर ठेवा म्हणजे हातानं थोडा वरखाली करून पाण्यावर रोखता येईल. जमिनीला चुन्याचे दोन हात द्या, भिंती आतनं काळ्या करा, आणि दाराला नुसता पडदा लावू नका, आडवी भिंत घालून वळणानं आत यायचं करा, म्हणजे माणूस आत आला तरी उजेड येत नाही. चित्र हातभर, फार तर थोडं जास्त रुंद पडेल. पहिल्यांदा आत गेल्यावर काहीच दिसत नाही, मुलं ओरडतील "बाई, फसवूलाल्यात", पाच-दहा मिनिटं गप बसवा, डोळे अंधाराला सरावले की जमिनीवर पाणी हलायला लागतं. पाण्यावर ऊन चमचमत असतं तेव्हा सगळ्यात छान दिसतं, म्हणजे तळं खोलीच्या पूर्वेला असेल तर सकाळी, पश्चिमेला असेल तर दुपार कलल्यावर.

दोन गोष्टी सांभाळा. सूर्य खाली आला की आरशात थेट सूर्य सापडू शकतो आणि ते भिंग उन्हाला एकत्र करतं, वर तोंड करून काचेत बघणाऱ्या पोराच्या डोळ्याला ते चांगलं नाही, म्हणून आरसा पाण्याकडं खाली झुकलेलाच ठेवा आणि काम झालं की खोक्याला झाकण. दुसरं, तळ्याकाठची अंधारी थंड खोली म्हणजे नागोबाचं घर, मुलांना आत सोडायच्या आधी टॉर्च मारून कोपरे बघायचे, दर वेळी.

प्रश्न : मी बेळगावात राहते, चित्रकला शिकले आहे, आता गावाकडं सासरच्या शेताला लागून तळं आणि छोटी देवराई आहे तिथं वाटेवर काही करावं असं मनात आहे. आपल्याकडच्या पावसात काय टिकतं? लाकूड, सिमेंट, की माती? आणि चित्रं लावता येतील का?

ताई, देवराई म्हणताय तर आधी गावातल्या जाणत्या माणसांना आणि पुजाऱ्यांना विचारा. देवराईत काठी मोडत नाहीत अशी रीत असेल तर तिथं काहीच करू नका, वाट फक्त बाहेरनं न्या, तिथली झाडंच बघण्यासारखी असतात.

लाकडाचं म्हणाल तर पावसापेक्षा मातीचा ओलावा आणि वाळवी त्याला खातात. ओंडका सरळ जमिनीत पुरला की बुडातनं कुजतो, तोच दगडावर उभा केला आणि खाली हवा खेळती ठेवली तर पुष्कळ वर्षं जातात. लाकूड आपल्या बांधावरच्या पडलेल्या फणसाचं, आंब्याचं घ्या, सरकारी जंगलात वादळानं पडलेलं झाडसुद्धा सरकारचंच असतं, उचललं की केस. जिवंत झाडाला खिळा नाही, कोरीव काम नाही, तार गुंडाळणं तर अजिबात नाही. तार गुंडाळली की झाड जाड होत जातं आणि तार सालीत रुतते, पानांनी केलेलं अन्न सालीतनंच मुळांकडं उतरतं, ते अडलं की झाड वरनं हिरवं दिसत दिसत मरतं.

जांभा दगड चांगला, खाणीतनं नवा काढलेला असतो तेव्हा मऊ, हवेत राहिला की टणक होतो. त्यात नाक-डोळे कोरता येत नाहीत, खरं बसायचे ओटे, वळणाच्या भिंती, पायऱ्या झकास होतात. इंग्लंडमध्येच ग्राइझडेल म्हणून जंगल आहे, दोन तलावांच्या मधे, तिथं १९७७ पासून शिल्पं होतात, त्यातली एक नुसती दगडी भिंत आहे, अँडी गोल्ड्सवर्दी यांनी १९९० साली रचलेली, ती सरळ न जाता झाडांना वळसे घेत घेत जाते. चिरे रचणारा आपल्याकडचा कुठलाही गवंडी तसली भिंत घालेल, फक्त "वाकडी कशाला घालायची ओ?" या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा.

माझं मत विचाराल तर भाजलेली माती. खानापूरची माती त्यासाठीच प्रसिद्ध, तिथं खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था सुद्धा आहे, आणि आपली कौलं किती पावसाळे काढतात ते तुम्ही बघताच. पक्की भाजलेली पाहिजे, टिचकी मारली की खणकन वाजली पाहिजे. शेवाळ धरतं, धरू दे, ते काही वाईट दिसत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र नको, ते पाण्यानं मऊ पडून फुटतं, आणि तुकडे जातात तळ्यात.

चित्रांबद्दल, बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांनी चित्रकारांची अख्खी पिढी घडवली, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळं इथं ब्रश धरणाऱ्याला कमीपणा नाही. खरं कागद-कॅनव्हास जंगलात लावायची वस्तू नव्हे, फ्लेक्सवर छापून तर मुळीच नको. चित्रच पाहिजे तर टाइलवर काढून ग्लेज करून भट्टीत भाजून घ्या, भाजलेला रंग उन्हानं सहजी उडत नाही. छोट्या टाइल, तळव्याएवढ्या, ओट्याच्या कडेला बसवलेल्या. बसल्यावर सापडाव्यात अशा.

आणि टिकलंच पाहिजे असं तरी कुठं आहे? इटलीत आर्ते सेला म्हणून जागा आहे, तिथं जुलियानो माउरी या कलाकारानं २००१ साली फांद्या विणून ८० खांब उभे केले, प्रत्येक खांबाच्या पोटात एक झाड लावलं. फांद्या कुजून जाणार आणि झाडं खांब होऊन उभी राहणार, असा हिशोब. तुमच्याकडं मेसकाठीचे, म्हणजे बांबूचे, पिंजरे आणि आत जांभूळ, नाहीतर नुसत्या वडा-उंबराच्या फांद्या गोलात रोवा, जूनमध्ये रोवल्या तर बऱ्याच जगतात. पहिली दोन वर्षं गुरांपासून राखायचं काम मात्र तुमचं.

प्रश्न : आमच्या तळ्याच्या बांधावर जुने कोरीव दगड आहेत, घोड्यावरचा माणूस, बायका, पिंड, वर चंद्र-सूर्य. कमिटी म्हणते वाटेच्या सुरुवातीला ओळीनं मांडून सोनेरी ऑइलपेंट मारूया, उठून दिसतील. बरं होईल का? — हलशी भागातला एक वाचक

नाही नाही नाही. काका, कमिटीला आजच्या आज थांबवा.

ते वीरगळ आहेत, लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर घेऊन जातात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत याची आठवण राहो. खालनं वर वाचायचं. बऱ्याच वेळा ज्या गावासाठी, ज्या गुरांसाठी तो माणूस पडला त्याच आसपास दगड उभा केलेला असतो, म्हणून दगड हलवला की अर्धी माहिती गेली. ऑइलपेंटनं बारीक काम बुजतं, दगडातली ओल आत कोंडते आणि पुढं पापुद्रे सुटतात, शिवाय एकदा लावलेला पेंट काढायचा म्हणजे दगडच घासणं आलं. तुम्ही हलशीजवळचे, कदंबांच्या राजधानीतली माणसं, भूवराह नरसिंहाचं देऊळ रोज बघणारी, तुम्हाला मी काय सांगणार.

आहेत तिथं राहू द्या, भोवतीचं गवत हातानं काढा, कलते असतील तर पुरातत्त्व खात्याला कळवा आणि फोटो-मापं लिहून ठेवा. उलट तुमची वाट त्यांच्या पुढनं जाईल अशी वळवा. बाकीची गावं शिल्पं आणायला पैसे गोळा करूलालेत आणि तुमच्याकडं ती आधीपासनं उभी आहेत.

प्रश्न : परदेश काय आपल्याला जमणार नाही, जवळपास असलं काही बघायला मिळेल का? — निपाणी

जंगल, तळं आणि शिल्प तिन्ही एकत्र असं जवळ मला माहीत नाही. उघड्यावरची शिल्पं म्हणाल तर तुम्हाला कणेरी मठ हाकेच्या अंतरावर, गावगाड्याची सिमेंटमधली माणसं, बहुतेक बघितलंच असेल. खाली हुबळीच्या पुढं हायवेलाच शिग्गावजवळ गोटगोडीत उत्सव रॉक गार्डन आहे, सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतलं, उत्तर कर्नाटकातली शेतकरी माणसं इतकी हुबेहूब की शेजारी बसलेला खरा पाहुणा कोण ते क्षणभर कळत नाही. लांब जायची तयारी असेल तर केरळात मलंपुळा धरणाच्या बागेत शिल्पकार कानायी कुन्हीरामन यांचं १९६९ सालचं यक्षीचं शिल्प आहे, आणि चंडीगडला सुखना तलावाच्या जवळ नेक चंद यांचं रॉक गार्डन. त्या माणसानं सरकारी नोकरी करत करत १९५७ पासून जंगलातल्या मोकळ्या जागेत गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, दगड गोळा करून माणसं-प्राणी केले, पुढं सरकारला पत्ता लागला, पाडायचं का ठेवायचं यावर वाद झाला आणि १९७६ साली ते लोकांना खुलं झालं. परवानगीबद्दल मी वर एवढं लिहिलंय म्हणून नेक चंद यांचं उदाहरण देऊन आरएफओंशी वाद घालू नका.

सहल काढणार असाल तर एक सांगतो, या सगळ्या बागा आहेत, तिकीट, रांग, पोरांची गडबड. शांत चालायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर जांबोटीच्या बाजूला जा, शिल्प एकही नाही.

प्रश्न : वाटेवरचे बोर्ड कन्नडात करायचे की मराठीत? मीटिंगमध्ये यावरनंच दोन तास गेले. — नाव नको

दोन्हीत करा, कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली, म्हणजे कुणाची तक्रार नाही आणि पुढच्या मीटिंगमध्ये वाटेबद्दल बोलता येईल. शिल्पाखाली कलाकाराचं नाव आणि वर्ष, बास, 'यातून असा संदेश मिळतो' वगैरे लिहू नका, बघणाऱ्याला डोकं असतंय. बोर्ड झाडाला ठोकायचे नाहीत, खाली स्वतंत्र खांब रोवायचा. देणगीदारांची नावं सगळी मिळून एकाच दगडावर, गेटजवळ. एक बोर्ड मात्र कंजुषी न करता मोठा करा, सांडव्यापाशी, पाणी खोल आहे आणि खाली गाळ आहे म्हणून, बुडणाऱ्या माणसाच्या चित्रासकट, कारण गाळात रुतलेला पाय पोहणाऱ्यालाही सुटत नाही आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणी आलेली पोरं तिथंच उड्या मारतात. बोर्डाशेजारी हवा भरलेली जुनी ट्यूब आणि लांब दोर अडकवून ठेवा, आणि ट्यूब चोरीला गेली तर परत नवी अडकवा.